चर्चच्या मंडळीत परत जायला लागलोय. बरोबर करतोय का?

मागचा बाक (धागाकर्ता)

इथे चर्चला नेमाने जाणारे, जाऊन सोडलेले आणि कधीच न गेलेले असे तिन्ही प्रकारचे लोक आहेत, म्हणून लिहितोय.

वर्षभर मी चर्चला गेलो नाही. भांडून बाहेर पडलो असं नाही, नुसतं जाणं थांबलं. कारणं ऐकून हसाल. वार्षिक सभेत ध्वनिक्षेपक नवा घ्यायचा की जुनाच दुरुस्त करायचा यावर पाऊण तास वाद झाला, आणि आजारी सभासदांना भेटायला कोण जाणार हा विषय 'वेळेअभावी' पुढच्या सभेवर ढकलला. खजिनदार आणि सेक्रेटरी दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, पण प्रभुभोजनाला (भाकर-द्राक्षारसाच्या विधीला) एकाच रांगेत. संदेश (पाळकाचं, म्हणजे धर्मगुरूचं प्रवचन) असा की पाचव्या मिनिटाला शेवट कळतो. आणि चुगल्या! आमच्याकडे चुगली कधी चुगली म्हणून होत नाही. ती "प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं" अशी सुरू होते, आणि रविवार मावळायच्या आत त्या घरातलं सगळं पन्नास घरांत पोचतं. माझ्या बहिणीचं लग्न मोडलं तेव्हा तिच्यासाठी इतक्या 'प्रार्थना' झाल्या की तिने पुन्हा त्या दारात पाऊल ठेवलं नाही.

मग मी ऑनलाइन उपासना बघायला लागलो. संदेश उत्तम, संगीत उत्तम, कंटाळा आला की पुढे सरकवायची सोय. आपल्या मंडळीची आठवण आली का? खोटं कशाला बोलू, नाही आली.

आठवण यायची ती उपासनेतल्या गीताच्या नंबरची. माझ्या बाकावर एक आजोबा बसतात. त्यांना फार कमी दिसतं, फळ्यावरचे आकडे तर नाहीच. गीत जाहीर झालं की ते पुस्तक माझ्याकडे सरकवायचे, मी पान काढून त्यांचं बोट पहिल्या ओळीवर ठेवायचो. वाचता येत नव्हतंच. पण बोट ओळीला लागलं की पुढची सगळी कडवी पाठ. अकरा वर्षं हेच. आमचं संभाषण म्हणजे "कितवं?" आणि त्यावर एक आकडा. त्यांचं आडनाव मला तिसऱ्या वर्षी कळलं. घरी पडद्यावर गीत सुरू झालं की माझा हात आपोआप उजवीकडे जायचा.

चार महिन्यांपूर्वी परत गेलो. त्यांनी "कुठे होतात?" असं विचारलं नाही, पुस्तक सरकवलं. मीच विचारलं, मधल्या काळात पान कोण काढून द्यायचं? म्हणाले, "कोणी नाही. बंदच ठेवायचो."

बाकी काही बदललेलं नाही. ध्वनिक्षेपक अजून खरखरतोय. तर प्रश्न असा: मी स्वतःची समजूत घालतोय का? ज्या जागेचे दोष धडधडीत दिसतात, तिथे एका बोटासाठी परत जाणं हे शहाणपण की नुसती सवय?

---

शेवटची ओळ

सवय असली तर काय बिघडलं? चांगल्या गोष्टींची सवयच लागावी लागते. वाचतोय.

---

दार बंद

धागा छान लिहिलाय, आजोबांचा भाग मनाला लागला. पण राहवत नाही म्हणून लिहिते.

तुमचे 'दोष' म्हणजे कुरकुर आहे हो. खरखरणारा स्पीकर, रटाळ संदेश, दोन रुसलेले पदाधिकारी. हे कुठल्याही सोसायटीत मिळेल. लोक चर्च सोडतात ते यापायी नाही. (तुमच्या बहिणीचं वेगळं. ती सोडून गेली ते मला पूर्ण कळतं, आणि तुम्ही ते एका वाक्यात उरकलंत हेही दिसलं.)

मी ज्या मंडळीत वाढले तिथे तरुण संघ चालवणाऱ्या एका माणसाबद्दल एका मुलीने तक्रार केली. वय वर्षं पंधरा. वडीलमंडळाने (मंडळीचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांनी) तिला काय सांगितलं? बायबलमधला मत्तय, अध्याय १८. म्हणजे आधी एकटीने त्याच्याकडे जा, त्याचा अपराध त्याला दाखव, ऐकलं नाही तर दोघा-तिघांना घेऊन जा, मगच मंडळीपुढे आण. पंधरा वर्षांच्या मुलीला! भावाभावांत तंटा झाला तर काय करावं, यासाठीचा तो उतारा त्यांनी तिच्यापुढे कुलपासारखा धरला. त्याच अध्यायात, थोडं वर, लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवणं त्याच्यासाठी बरं, असंही लिहिलंय. ते त्या दिवशी कोणी वाचलं नाही.

तो माणूस पुढे दुसऱ्या मंडळीत गेला. शिफारसपत्र घेऊन. मुलीचं कुटुंब 'कडू मनाचं' ठरलं.

फ्रान्समध्ये कॅथलिक चर्चने स्वतःच नेमलेल्या स्वतंत्र आयोगाचा अहवाल ऑक्टोबर २०२१मध्ये आला. १९५० पासूनच्या सत्तर वर्षांत पाळकवर्गाकडून अत्याचार झालेल्या अल्पवयीनांचा त्यांचा अंदाज २,१६,००० होता. त्यामुळे 'दोष असूनही मंडळीचं मोल' हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारते: कुठले दोष, आणि सोसले कोणी?

---

मागचा बाक (धागाकर्ता)

@दार बंद, मान्य. दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरल्या, चूक झाली. बहिणीबद्दलही बरोबर पकडलंत. तिला मी 'चल परत' असं एकदाही म्हटलेलं नाही आणि म्हणणार नाही.

---

कडेची टीप

इतिहासाचा किडा चावलेला माणूस आहे, लांबण लागेल.

'सुरुवातीचं चर्च निर्मळ होतं, नंतर बिघडलं' असं सर्रास म्हटलं जातं. नवा करार उघडून बघा. प्रेषित पौलाचं ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला पत्र इसवी सनाच्या पन्नाशीच्या दशकातलं, म्हणजे मंडळी स्थापन होऊन मोजकीच वर्षं झाली होती. आणि तक्रारी काय? मी पौलाचा, मी अपुल्लोचा, मी केफाचा असे गट. एकमेकांवर कोर्टात दावे. प्रभुभोजनाला जमले की एक उपाशी आणि दुसरा पिऊन तर्र. पौल त्यांना झाडतो, पण पत्राच्या सुरुवातीला 'देवाची मंडळी' म्हणूनच हाक मारतो. मला त्या पत्रातलं सगळ्यात अवघड वाक्य तेच वाटतं.

त्याहून जास्त शिकण्यासारखं प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ मध्ये आहे. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं अशी कुरकुर उठली. प्रेषितांनी 'प्रार्थना करा, सहन करा' असं सांगितलं नाही. सात माणसं निवडून वाटपाचं काम त्यांच्या हाती दिलं, आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे बहुधा ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांकडे कोठाराची किल्ली गेली. आमच्या वार्षिक सभेत असं झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

आणि शुद्ध मंडळी काढायचा प्रयोगही करून झालाय. सम्राट डायोक्लेशनने ३०३ साली छळ सुरू केला तेव्हा काही धर्मगुरूंनी भिऊन पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले. छळ संपल्यावर उत्तर आफ्रिकेत डोनाटस पंथी म्हणाले, असल्यांच्या हातचे संस्कार आम्हाला नकोत, आम्ही निर्मळ. फूट पिढ्यानपिढ्या टिकली. तिथल्याच बिशप ऑगस्टिनचा त्यांच्याशी मोठा वाद झाला. त्याचं म्हणणं, येशूच्या दाखल्याप्रमाणे शेतात गहू आणि निदण (तण) कापणीपर्यंत एकत्रच वाढणार, उपटायला जाल तर गहूही हाताला येईल.

---

दार बंद

निदणाचा दाखला आमच्या वडीलमंडळानेही दिला होता. 'उपटू नका.' त्या दाखल्यात येशू शेत म्हणजे जग असं सांगतो, मंडळी नव्हे, हे डोनाटसवाल्यांनीही ऑगस्टिनला ऐकवलं होतं ना? आणि याच ऑगस्टिनने पुढे त्यांना वळणावर आणायला सरकारी सक्तीचं समर्थन केलं. मग उपटायचं नाही हे कुठे गेलं?

---

कडेची टीप

दोन्ही मुद्दे बरोबर. ऑगस्टिनच्या कारकिर्दीतला तो डाग आहे, झाकत नाही. माझं म्हणणं एवढंच, निर्मळ माणसांची मंडळी शोधायला निघालेला शेवटी एकटाच उरतो. गुन्हेगाराला बाहेर काढणं वेगळं, त्यासाठी पोलीस आहेत.

---

तिसरी घंटा

मी तीन मंडळ्या बदललेला माणूस. पहिली सोडली कारण तिथे श्रीमंतांना पुढचा बाक. दुसरी घरगुती सहभागिता होती, आठ-दहा जण, पाळक नाही, समिती नाही, सगळे सारखे. स्वर्ग! तिसऱ्या महिन्यात कळलं की समिती नसली की ज्याचं घर त्याची सत्ता. कोणाला बोलवायचं, किती वाजता संपवायचं, कोणाचं गीत घ्यायचं, सगळं एकाच बाईंच्या मर्जीवर, आणि तक्रार करायला कागदही नाही. निदान पहिल्या ठिकाणी घटना होती, तिच्यात वार्षिक सभेचं कलम होतं.

आता तिसरीत आहे. एकटा राहणारा माणूस असल्याने जोडप्यांच्या मेळाव्यात मला खुर्च्या लावायला बोलावतात. पण लावतो. खुर्च्या लावणाऱ्यांचा एक वेगळाच संघ असतो, त्यातच माझे दोन मित्र झाले.

---

सांख्यिकी

माझा देवावर विश्वास नाही. बायको जाते, मी सोडायला-आणायला जातो आणि कधीकधी मागे बसतो. तर थोडा बाहेरच्याचा आवाज.

चैयून लिम आणि रॉबर्ट पटनम यांचा २०१०चा अमेरिकेतल्या लोकांवरचा अभ्यास आहे. धार्मिक लोक आयुष्याबद्दल जास्त समाधानी का असतात, याचं उत्तर त्यांना ईश्वरविषयक मतांत किंवा खाजगी प्रार्थनेत फारसं सापडलं नाही. ते सापडलं मंडळीतल्या जवळच्या मित्रांत. नेमाने जाणाऱ्या पण तिथे एकही मित्र नसलेल्या माणसाला तो फायदा दिसला नाही. म्हणजे @तिसरी घंटा यांच्या खुर्च्या हा मुख्य कार्यक्रम आहे आणि संदेश हे निमित्त. (बायको हे वाचणार आहे. असो.)

दुसरा, २०१६चा, अमेरिकन परिचारिकांवरचा मोठा अभ्यास. ७४,५३४ स्त्रिया, सोळा वर्षांचा पाठपुरावा. आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा उपासनेला जाणाऱ्यांत, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचं प्रमाण ३३ टक्के कमी.

---

शेवटची ओळ

जे आजारी असतात ते चर्चपर्यंत चालत जाऊच शकत नाहीत. झाला की तुमचा ३३ टक्के!

---

सांख्यिकी

हा आक्षेप त्यांनीही गृहीत धरला होता. आधीची तब्येत, धूम्रपान, नैराश्य वगैरे लक्षात घेऊन हिशेब केलाय. तरी निरीक्षणावरचा अभ्यास तो निरीक्षणावरचाच, कारण सिद्ध होत नाही. आणि डॉक्टर काही चिठ्ठीवर 'रविवारी उपासना, जेवणापूर्वी' असं लिहून देणार नाहीत.

एक मात्र खटकतं. हे आकडे सरासरीचे. @दार बंद यांच्या मंडळीतली ती मुलगी सरासरीत कुठे बसते? जिथे माणसं तुमच्यावर प्रेम करतात तिथेच त्यांचं तोंड फिरवणं सगळ्यात जास्त लागतं.

---

पाळकाचं घर

मी पाळकाच्या घरात वाढले. पलीकडच्या बाजूने थोडं.

तुम्हाला पाचव्या मिनिटाला शेवट कळतो तो संदेश कधी लिहिला जातो, सांगते. माझे वडील शनिवारी रात्री अकराला बसायचे. कारण त्या आठवड्यात दोन अंत्यविधी, एका घरात बापलेकांची मारामारी सोडवायची, आणि छत गळतंय म्हणून ठेकेदाराच्या मागे फिरायचं. कंटाळवाणे संदेश माफ करा असं म्हणत नाही, आम्ही पहिल्या बाकावर बसून ऐकलेत. पण त्या आठवड्यातलं खरं काम कदाचित बुधवारी रात्री दोनला झालेलं असतं, आणि ते सांगायची त्यांना मुभा नसते.

उलट बाजूही मीच सांगते. "आपण सगळे एक कुटुंब आहोत" हे वाक्य आमच्या घरात दोनच वेळा ऐकू यायचं. एक, आईकडून फुकट काम हवं असलं की. दुसरं, काहीतरी दाबायचं असलं की. कुटुंबात हिशेब मागत नाहीत, कुटुंबातलं बाहेर सांगत नाहीत, ही त्यातली गोम. मला आता कोणी 'कुटुंब' म्हटलं की मी विचारते, चेकवर दोन सह्या आहेत का? हिशेब बाहेरच्या माणसाने तपासलाय का? मुलांच्या वर्गाच्या दाराला काच आहे का, आणि तिथे नेहमी दोन मोठी माणसं असतात का? ही उत्तरं देताना जी मंडळी रागावत नाही तिथे मी बसते. सध्या जिथे जाते तिथे तिसऱ्या प्रश्नावर थोडे रागावले, पण पुढच्या महिन्यात काच बसली.

---

जुना अंक

कोणी अजून आपल्या नारायण वामन टिळकांचं नाव काढलं नाही म्हणून. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यामुळे आप्तांशी ताटातूट सोसलेला माणूस. पुढे मिशनमध्ये पाळकाचं काम केलं, आणि शेवटी मिशनच्या चौकटीत जीव गुदमरला म्हणून १९१७ साली ते बाहेर पडले. पण घरी बसले नाहीत. 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांनाही जागा होती. दोनच वर्षांत, १९१९ला, ते गेले आणि दरबार फार टिकला नाही.

मला यात रस आहे तो यासाठी, की सोडणं आणि राहणं या दोनच वाटा आहेत असं आपण धरून चाललोय. संस्था सोडूनही त्यांना माणसांचा मेळा हवाच होता.

---

दार बंद

@जुना अंक, हे आवडलं. मीही तसं काहीतरी करतेच म्हणा. ती मुलगी (आता मोठी आहे), मी आणि अजून तिघीजणी महिन्यातून एकदा भेटतो. गीत नाही, संदेश नाही. एकीने सुरुवातीला नियम घातला: जी हजर नाही तिच्याबद्दल बोलायचं नाही.

---

कडेची टीप

हा नियम कुठून आला माहितेय का? जर्मन धर्मपंडित डीट्रिख बॉनहोफर १९३५ पासून फिंकेनवाल्डला नाझींना न जुमानणाऱ्या मंडळीच्या होतकरू पाळकांची छोटी सेमिनरी (प्रशिक्षणशाळा) चालवत होता. तिथला नियम जवळजवळ हाच होता: गैरहजर भावाबद्दल बोलायचं नाही, आणि बोललात तर त्याला जाऊन तसं सांगायचं. विद्यार्थ्यांनी तो वरचेवर मोडला, पण त्यातूनच एकत्र राहायला शिकलो असं त्यांनी नंतर सांगितलं. १९३७ मध्ये गेस्टापोने (नाझींच्या गुप्त पोलिसांनी) सेमिनरी बंद पाडली.

---

दार बंद

तिला विचारते. बहुधा स्वतःच्या अनुभवातूनच काढला असावा.

---

तिसरी घंटा

'प्रार्थनेसाठी म्हणून सांगते'वाल्यांना हा नियम लावला तर आमची बुधवारची प्रार्थनासभा सात मिनिटांत आटपेल.

---

मागचा बाक (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. उशिरा उत्तर देतोय कारण मधे दोन रविवार गेले.

धाग्याचा परिणाम म्हणून दोन गोष्टी केल्या. पहिली, बहिणीला हा धागा वाचायला दिला. तिने @दार बंद यांचे प्रतिसाद दोनदा वाचले, माझे एकदाच. म्हणाली, "तू जा. मला सांगत जाऊ नकोस तिथे काय झालं ते." ठीक आहे.

दुसरी, सेक्रेटरींना भेटून @पाळकाचं घर यांचे तिन्ही प्रश्न वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या म्हणालो. आजाऱ्यांच्या भेटींचा राहिलेला विषयही. त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते "खजिनदाराने पाठवलं का तुम्हाला?" मी म्हटलं, नाही. मग म्हणाले, बघू.

आजोबांना विचारलं, मी नसताना कोणा दुसऱ्याकडे पुस्तक का नाही सरकवलंत? ते म्हणाले, "तुमच्या पलीकडचा माणूस बेसूर गातो." (पलीकडे खजिनदार बसतात.) त्यावर आम्ही दोघं संदेश चालू असताना हसलो आणि पुढच्या बाकावरून एक नजर आली.

---

दार बंद

'बघू' चालणार नाही. लेखी द्या.

---

मागचा बाक (धागाकर्ता)

लेखीच दिलंय. पोचही घेतली. तारीख घालून, सहीसकट.